दत्तक म्हणजे "उचलून आणलेलं" का? रोम ८ वरच्या संदेशाबद्दल प्रश्न

ओली_पाटी
जय ख्रिस्त मंडळी. वर्षभर नुसती वाचतेय इथे, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

रविवारी आमच्याकडे चर्चमध्ये रोम ८ वर (बायबलमधलं पौलाचं रोमकरांना पत्र, अध्याय ८) संदेश झाला, विषय "आपण देवाची दत्तक मुलं". मी स्वतः दत्तक आहे, चार वर्षांची असताना आईबाबांनी घरी आणलं, चर्चमध्ये सगळ्यांना माहितीये, लपवण्यासारखं काही नाहीच त्यात. पास्टर मनाने फार चांगले आहेत हे आधीच सांगते. पण बोलता बोलता म्हणाले की आपण अनाथ होतो, घाणीत पडलेलो, कुणालाच नको असलेलो, आणि देवाला दया आली म्हणून त्याने उचलून आणलं. तेवढ्यात पुढच्या बाकांवरची दोनतीन डोकी हळूच मागे वळली. माझ्याकडे. मी वहीत बघत बसले.

राग आला असं नाही, पण तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. पौलाने खरंच हे म्हटलंय का? अनाथ, उचलून आणलं वगैरे?

दुसरं म्हणजे त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मात्र मला इतकी आवडली की वहीत दोनदा अधोरेखित केली. रोमन कायद्यात पोटच्या मुलाला बाप घराबाहेर काढू शकायचा पण दत्तक घेतलेल्याला कधीच नाही. हे खरंय का, कुणाला माहिती असेल तर सांगा प्लीज. (लहानपणी मी बॅग भरून ठेवायचे. असो.)

चुकलेलं_मेंढरू
डोकी मागे वळणारी मंडळी सगळीकडे सेमच असतात. संदेश पैशाच्या लोभावर असला की खजिनदाराकडे वळतात.

जुना_करारवाला
पोरी, धागा चांगला काढलास. तुझ्या पास्टरांनी ते चित्र कुठून घेतलं ते सांगतो, जुन्या करारातलं यहेज्केल १६. नुकतं जन्मलेलं बाळ, नाळ कापलेली नाही, अंघोळ नाही, उघड्या रानात टाकून दिलेलं, आणि देव जवळून जाताना रक्तात लोळणाऱ्या त्या बाळाला म्हणतो, जग. फार हलवून टाकणारा अध्याय आहे पण तो यरुशलेमबद्दल आहे आणि त्यात दत्तक हा शब्दच नाही, पुढे तो लग्नाच्या रूपकात जातो. लोक हा अध्याय उचलतात आणि रोम ८ मध्ये नेऊन चिकटवतात. अनाथ हा शब्द येशूच्या तोंडी योहान १४:१८ मध्ये आहे, तोही शिष्यांना, की मी तुम्हाला अनाथ सोडणार नाही. रोम ८ मध्ये पौल अनाथ म्हणतच नाही. तो दास म्हणतो. भीती बाळगणारा दास एकीकडे आणि अब्बा म्हणून हाक मारणारा मुलगा दुसरीकडे, अशी तुलना आहे ती. अनाथाला घर नसतं. दासाला घर असतं, पण ते त्याचं नसतं. या दोन्ही वेगळ्या अवस्था आहेत आणि संदेशात त्यांची भेळ झाली की तुझ्यासारखीला उगाच त्रास होतो.

मार्था_नव्हे_मरीया
काका, हे "घर असतं पण त्याचं नसतं" मी कुठेतरी लिहून ठेवतेय.

वकिली_डोकं
ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, पण थोडं लांबेल, आणि शेवट तुम्हाला आवडणार नाही हे आधीच सांगतो.

मूळ ग्रीक शब्द हुइओथेसिया. मुलगा म्हणून एखाद्याला त्या जागी बसवणं, असा काहीसा अर्थ. नव्या करारात पाचच वेळा येतो आणि पाचही वेळा पौलाच्या नावाच्या पत्रांत: रोम ८:१५, ८:२३, ९:४, गलती ४:५, इफिस १:५. आता पौलाच्या वाचकांना हा शब्द ऐकून काय आठवत असेल? टाकून दिलेलं बाळ तर नक्कीच नाही. रोमन वरच्या घरांतलं दत्तक म्हणजे बहुतेक वेळा मोठा झालेला मुलगा, कधी कधी चांगला बाप्या, आणि हेतू एकच, की घराण्याचं नाव, देवपूजा आणि इस्टेट चालवायला वारस हवा. सीझरने मृत्युपत्रात ऑक्टेव्हियनला दत्तक घेतलं ते इ.स.पू. ४४ मध्ये उघड झालं, तेव्हा तो १८ वर्षांचा होता, हाच पुढे सम्राट ऑगस्टस. ऑगस्टसने टायबेरियसला दत्तक घेतलं इ.स. ४ मध्ये, तेव्हा टायबेरियस ४४ वर्षांचा! क्लॉडियसने इ.स. ५० मध्ये नीरोला घेतलं, घरात स्वतःचा सख्खा मुलगा ब्रिटॅनिकस असताना. पौलाने रोमकरांना पत्र लिहिलं ते साधारण इ.स. ५७ च्या सुमारास, म्हणजे ते ज्या शहरात वाचलं जाणार तिथल्या गादीवर बसलेला नीरोच दत्तकपुत्र होता. "मुलं आहोत तर वारसही आहोत" हे रोम ८:१७ त्या लोकांना कसं ऐकू आलं असेल विचार करा.

प्रक्रियाही मजेशीर. मुलगा बापाच्या सत्तेखाली असेल तर बाप त्याला लटकं लटकं तीन वेळा विकायचा, कारण बारा तक्त्यांच्या कायद्यात (रोमचा जुना लेखी कायदा) होतं की बापाने मुलाला तीनदा विकलं की मुलगा त्याच्या सत्तेतून सुटला. मग नवा बाप अधिकाऱ्यापुढे म्हणायचा हा माझा मुलगा, आणि कुणी हरकत घेतली नाही की झालं. आणखी एक प्रकार होता, स्वतःच घराचा प्रमुख असलेला माणूस दुसऱ्याच्या घरात दत्तक जायचा, त्यात त्याची जुनी कर्जं कायद्याने बुडायची. हे संदेशात फार ऐकायला मिळतं, "जुनं कर्ज माफ". पुढचं कुणी सांगत नाही की धनको बोंबलायला लागले म्हणून न्यायाधिकाऱ्याने त्यांना वसुलीची वाट काढून दिली :)

आता तुमचं अधोरेखित वाक्य. ते मीही अनेक ठिकाणी ऐकलंय पण ते बरोबर नाही. ज्या वर्षी ऑगस्टसने टायबेरियसला दत्तक घेतलं त्याच वर्षी त्याने आपल्या मुलीच्या मुलालाही घेतलं, अग्रिप्पा पोस्टुमस. दोनतीन वर्षांत त्याच्याशी नातं तोडलं आणि बेटावर हद्दपार केलं. इ.स. १४ मध्ये ऑगस्टस गेला आणि लगेच त्या पोराला मारून टाकलं. दत्तक घेतलेल्याला काढता येत होतं. सॉरी ताई.

ओली_पाटी
हं.

सॉरी कशाला, मीच विचारलं होतं. वहीतलं वाक्य खोडायला हवं म्हणजे. तेवढंच एक हाताशी होतं असं वाटलं, बाकी काही नाही.

चुकलेलं_मेंढरू
वकीलसाहेब, फी घेता का असल्या बातम्या द्यायची?

वकिली_डोकं
मलाही लिहून झाल्यावर वाईट वाटलं. पण खोट्या खांबावर घर नको ना बांधायला.

हरकत_नाही
मी काही चर्चला जाणारा नाही पण धागा इंटरेस्टिंग आहे म्हणून विचारतो. तुम्ही लोक एका बाजूला म्हणता सगळी देवाची लेकरं आणि दुसऱ्या बाजूला दत्तक. आपल्याच लेकराला कोण दत्तक घेतं? आणि दत्तक घेतलेलीच त्याची असतील तर आम्ही बाकीचे परके झालो की.

जुना_करारवाला
हरकत बरोबर घेतलीत. दोन्ही अर्थ बायबलमध्ये आहेत. अथेन्समध्ये पौल प्रेषितांची कृत्ये १७:२८ मध्ये ग्रीक कवीची ओळ घेऊन सगळ्यांनाच देवाचा वंश म्हणतो, आणि लूक वंशावळ मागे मागे नेत आदामाला देवाचा पुत्र म्हणतो. निर्माता म्हणून तो सगळ्यांचा बाप. पण योहान १:१२ म्हणतं की ज्यांनी त्याला स्वीकारलं त्यांना देवाची मुलं होण्याचा अधिकार दिला, म्हणजे इथे नातं नव्याने जुळतंय. उधळ्या पुत्राची गोष्ट घ्या. तो मुलगा होताच, पण दूर देशात मुलगा म्हणून जगत नव्हता. परत येताना त्याने भाषण पाठ केलेलं, मला मोलकऱ्यासारखं ठेवा. लूक १५:२१ बघा, ते शेवटचं वाक्य तो बोलतच नाही, त्याच्या आधीच बाप झगा आणायला सांगतो.

तुम्ही परके की नाही हे ठरवणारा मी कोण? पौल तरी "आम्ही दत्तक" म्हणताना स्वतःलाच धरून बोलतोय, त्यात घमेंड नाही. घमेंड आम्ही नंतर घातली.

हरकत_नाही
शेवटच्या वाक्याला मान्यता.

पहाटेची_घंटा
या सगळ्यात बाप्तिस्मा कुठे राहिला? दत्तकपण बाप्तिस्म्याने मिळतं, आमच्या कॅथलिक चर्चची शिकवण स्पष्ट आहे, ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ मध्ये नीतिमान ठरवलं जाण्याची व्याख्या करताना दत्तकपणाचाच शब्द वापरलाय. तुम्ही लोक नुसता विश्वास विश्वास करता.

पहाटेला_विरोध
आमच्या प्रॉटेस्टंट वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारात १६४६ मध्ये दत्तकपणावर वेगळा पूर्ण अध्याय आहे, १२ वा. आम्हाला नका शिकवू.

व्यवस्थापक
ट्रेंट आणि वेस्टमिन्स्टरची मारामारी करायला जुना बाप्तिस्म्याचा धागा आहे, ४०० प्रतिसाद झालेत, तिकडे जागा आहे. इथे धागाकर्तीचा प्रश्न चालू राहू द्या.

मार्था_नव्हे_मरीया
माझं एक दुखणं मांडू का, विषयाला धरूनच आहे. "पुत्र" हा शब्द. आधी मला खटकायचा, आम्ही मुली काय बाहेर उभ्या राहायचं? म्हणून मीच आमच्या बायबल अभ्यासात वाचताना "लेकरं" असं म्हणायचे. मग गलतीचा तिसरा चौथा अध्याय एका बैठकीत वाचला. ३:२८ मध्ये पुरुष आणि स्त्री हा भेद नाही म्हणतो आणि लगेच पुढे सगळ्यांना वारस आणि पुत्र. म्हणजे त्या काळी जी जागा घरातल्या मुलाची ती दासीला, परक्याला, बाईला, सगळ्यांना देतोय तो. आता मी पुत्र म्हणूनच वाचते. लेकरू म्हटलं की लोक गाल ओढतात, हिश्श्याचं कुणी बोलत नाही! आणि ज्यांना मुलगी हा शब्द हवाच आहे त्यांच्यासाठी २ करिंथ ६:१८ आहे, तिथे पुत्र आणि कन्या दोन्ही आहेत.

ओली_पाटी
ताई हे भारी आहे. म्हणजे दया आली म्हणून उचललं असं नाही तर हिस्सा द्यायला बोलावलं.

पण अग्रिप्पा डोक्यातून जात नाहीये हो. हिस्सा देऊनही काढता येतंच की.

निमूट
मी इथे सहसा लिहीत नाही. आमच्याकडे मुलगी येऊन चौदा महिने झाले, सहा वर्षांची आहे. कोर्टाची ऑर्डर अजून यायची आहे, तारखा पडतायत. ती आम्हाला आईबाबा म्हणते, शाळेत आमचं आडनाव सांगते, कागदावर ते नाही. मागच्या महिन्यात झोपताना विचारलं, मी तुमची आहे की होणारे? मला पटकन उत्तर देता आलं नाही. बायको म्हणाली दोन्ही.

वकीलसाहेबांनी वर पाच ठिकाणं दिली म्हणून मी रोम ८ काढून वाचला. १५ व्या वचनात दत्तकपणाचा आत्मा मिळाला आहे असं लिहिलंय. झालेली गोष्ट. आणि आठच वचनं खाली, २३ मध्ये, तोच पौल म्हणतो की आम्ही दत्तकपणाची वाट बघत कण्हतोय, म्हणजे शरीराच्या मुक्तीची. मिळालाय आणि वाट बघतोय, एकाच पानावर. मी तीनदा वाचलं, मला वाटलं छपाईची चूक आहे.

वकिली_डोकं
चूक नाही, पण तुमच्यासारखंच जुन्या काळी हाताने प्रती उतरवून काढणाऱ्यांनाही वाटलं असावं. काही फार जुन्या हस्तलिखितांत २३ व्या वचनातला तो शब्दच गाळलेला आहे. बहुतेक अभ्यासक तो मुळात होता असंच मानतात, कारण अवघड शब्द कुणी मुद्दाम घालत नाही, काढतो.

आणि निमूटदादा, वहिनींना सांगा, त्यांचं उत्तर कायद्यातही बसतं आणि पौलातही.

ओली_पाटी
निमूटदादा, "मी तुमची आहे की होणारे" वाचून मी मोबाईल खाली ठेवला जरा वेळ. ऑर्डर आली तरी तो प्रश्न लगेच जात नाही हे माझ्या अनुभवावरून सांगते, घाबरवायला नाही, फक्त माहिती असावी म्हणून. माझी ऑर्डर मी पाच वर्षांची असतानाच आली होती आणि बॅग मी नऊ वर्षांची होईपर्यंत भरलेली होती.

जुना_करारवाला
दोन दिवस विचार करत होतो काय लिहू. वकीलसाहेब, तुमचा अग्रिप्पा मान्य. आपण सगळे हमी शोधायला रोमन कायद्यात गेलो ही चूक झाली. पौल फक्त रोमन नव्हता, त्याच्या पाठीशी दुसरं पुस्तक होतं, जुना करार. रोम ९:४ मध्ये तो हाच शब्द इस्राएलसाठी वापरतो, दत्तकपण त्यांचं आहे म्हणतो. ते कुठून आलं? निर्गम ४:२२, इस्राएल माझा ज्येष्ठ पुत्र. मग होशेय ११, मिसरातून मी माझ्या मुलाला बोलावलं, त्याला चालायला शिकवलं, आणि तो माझ्यापासून लांबच जात राहिला.

आता कायदा बघा. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात आईबापाचं न ऐकणाऱ्या बंडखोर मुलाला वेशीवर गावच्या वडीलधाऱ्यांपुढे न्यायचं आणि धोंडमार करायचा. कायद्यात काढून टाकायची वाट रोमपेक्षाही कडक होती. आणि होशेय ११:८ मध्ये बाप स्वतःच त्या वाटेवर अडतो. एफ्राइमा (म्हणजे इस्राएलाच), मी तुला कसा सोडून देऊ? माझं मन पालटलंय, म्हणतो. पुढच्या वचनात कारणही देतो, मी देव आहे, माणूस नाही.

कायदा त्याला अडवत नव्हता. त्यालाच जमत नव्हतं. ऑगस्टसला जमलं.

वहीतलं वाक्य खोडू नकोस पोरी, त्याच्याखाली होशेय ११:८ लिही, तारीख घाल.

वकिली_डोकं
काका, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्याकडून एक जोड: रोम ८ चा शेवटही असाच आहे, पौल कलम सांगत नाही, यादी करतो, मरण नाही, जीवन नाही, देवदूत नाहीत, आताच्या गोष्टी नाहीत, पुढच्या नाहीत. आणि ती हमी ख्रिस्त येशूमधल्या प्रीतीवर टेकवतो. दत्तकपणाचा हक्क म्हणून मांडतच नाही. ८:२९ मध्ये ख्रिस्ताला पुष्कळ भावांमधला ज्येष्ठ म्हटलंय. आपली जागा त्याच्या जागेला बांधलेली, त्याला काढणार असेल तर आपल्याला.

पुलंब्याचा_दगड
मला मुळात बाप हा शब्दच नको वाटतो. कारण सांगत बसत नाही. प्रार्थनेत "पित्या" आलं की मी गप्प होतो आणि पुढच्या ओळीपासून सुरू करतो. आणि वर आमच्याकडे सांगतात की अब्बा म्हणजे डॅडी, लाडाने म्हणा. मला नाही जमत.

मार्था_नव्हे_मरीया
दादा, डॅडी म्हणायची गरजच नाही. ते येरेमियास नावाच्या जर्मन अभ्यासकाच्या मांडणीवरून पसरलं, अब्बा म्हणजे लहान मुलाची बोबडी हाक वगैरे, नंतर तो स्वतःच त्यावरून मागे आला, आणि १९८८ मध्ये जेम्स बार यांनी सविस्तर दाखवून दिलं की मोठी झालेली मुलंही वडिलांना हेच म्हणायची. आणि येशूच्या तोंडी ही हाक शुभवर्तमानांत एकदाच आहे, मार्क १४:३६, गेथशेमाने बागेत, हा प्याला माझ्यापासून दूर कर म्हणताना. लाडात नाही आली ती हाक. तुम्ही गप्प राहता ते चालतं असं मला वाटतं, रोम ८:२६ मध्ये शब्दच सापडत नाहीत तेव्हाचीही सोय आहे.

पुलंब्याचा_दगड
गेथशेमाने. बरं. हे घेऊन जातो.

चुकलेलं_मेंढरू
एक गंभीर गोष्ट लिहितो, सवय नाही, सांभाळून घ्या. मत्तयाचा पहिला अध्याय आपण नावं नावं म्हणून वगळतो. अब्राहाम, दावीद करत करत ती यादी योसेफाशी येते. आणि मग पुढचीच गोष्ट सांगते की येशू योसेफाच्या रक्ताचा नाही! मग ती एवढी यादी कशाला दिली? कारण देवदूत योसेफाला म्हणतो, तू त्याचं नाव येशू ठेव, आणि अध्यायाच्या शेवटी योसेफ नाव ठेवतो. नाव ठेवलं, पोरगा त्याचा झाला, आणि तिथून तो दावीदाच्या घराण्यात. तुमच्याआमच्या सगळ्यांआधी त्या घरात तोच तसा आलेला आहे.

पुढच्या वेळी डोकी मागे वळली ना ताई, तर त्यांना म्हणा, क्रूसाकडे पण वळा जरा.

जुना_करारवाला
मेंढरा, तू एवढं वाचतोस हे आम्हाला इतकी वर्षं कळू दिलं नाहीस.

ओली_पाटी
अपडेट. काल पास्टरांना जाऊन भेटले. वकीलसाहेबांचा अग्रिप्पा सांगितला, त्यांना माहिती नव्हता, म्हणाले मीही कुठेतरी ऐकूनच सांगत आलो. मग डोकी वळल्याचं सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं आता समजूत घालतील, पण फक्त म्हणाले, ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. पुढच्या महिन्यात रोम ८ चं वाचन मी करावं असं त्यांचं म्हणणं आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. आवाज कापतो माझा.

मराठी दत्तक शब्दावर पण विचार केला. त्यात दत्त आहे, दिलेला. घेतलेला नाही. योहान १७ मध्ये येशू बापाला सारखं म्हणतो, जे लोक तू मला दिलेस. हे बरोबर आहे का माहिती नाही, शब्दांचा खेळ असेल नुसता, पण आवडलं.

निमूट
ताई, खूप दिवस विचारायचं होतं. आमच्या मुलीच्या पलंगाखाली पण एक बॅग आहे. आम्ही बघितलीये, तिला माहिती नाही आम्हाला माहितीये ते. हात लावलेला नाही. तुमच्या बॅगेत काय असायचं?

ओली_पाटी
दोन फ्रॉक, कंगवा, बिस्किटाचा पुडा. आणि आईची एक चप्पल. एकच. म्हणजे तिला माझ्यामागे यावं लागलं असतं.